गाडी 'मिसिंग' का मारते? प्लग वायरचा दोष शोधताना शिकण्यासारखं बरंच काही



नववीला 'धाराविद्युत' आणि दहावीला 'विद्युतधारेचे परिणाम' शिकवताना एक प्रश्न हमखास येतो, "बाई, याचा उपयोग कुठे होतो?" आपण पंखा, इस्त्री, मोटर अशी उदाहरणं देतो आणि पुढे जातो. आज मी एक वेगळं उदाहरण देणार आहे. ते पाठ्यपुस्तकात नाही, पण पेट्रोलवर किंवा सीएनजीवर चालणारी जुनी गाडी ज्यांच्या घरी आहे त्यांच्या रोजच्या कामाचं आहे. विषय आहे स्पार्क प्लगच्या वायरी आणि त्यांतला दोष शोधायचा कसा.

गाडी दुरुस्त करणं शिक्षकाचं काम नाही, हे मला मान्य आहे. पण दोष *शोधणं* ही गोष्ट मात्र शंभर टक्के विज्ञानाची आहे. आणि ती नीट केली नाही तर किती महागात पडते, ते मी जवळून पाहिलं आहे.

एका व्हॅनची गोष्ट

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत मुलांना ने-आण करणारे एक व्हॅनवाले काका होते. व्हॅन जुनी, तीन सिलिंडरची, पुढच्या सीटखाली इंजिन असलेली. उन्हाळ्यात गाडी ठीक चालली. जून उजाडला, पाऊस सुरू झाला आणि गाडी त्रास द्यायला लागली. सपाट रस्त्यावर बरी चालायची, पण शाळेजवळच्या चढावर आली की धक्के मारायची, पिकअप जायचा. एका सकाळी भर पावसात ती चढावरच बंद पडली. मागून ट्रक येत होता. काकांनी हँडब्रेक ओढून मुलांना खाली उतरवलं आणि कडेकडेने शाळेत आणलं. कोणाला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून पालकांची कुजबुज सुरू झाली, "व्हॅन बदला."

काकांनी गाडी गॅरेजला नेली. आधी प्लग बदलले. दोन दिवस बरं वाटलं (त्या दोन दिवसांत पाऊस नव्हता!). मग कार्बोरेटर साफ झाला. मग पेट्रोल फिल्टर बदलला. तरी तेच. शेवटी सांगण्यात आलं, "हेड खोलावं लागेल." हा खर्च काकांच्या आवाक्यातला नव्हता. ते मला म्हणाले, "मॅडम, आता गाडी विकून टाकतो. पण मग पोरांची फी कशातनं भरू?"

इथे चूक कोणाच्या हाताची नव्हती. चूक पद्धतीची होती. प्रत्येक वेळी अंदाजाने एक भाग बदलला गेला, तपासणी एकदाही झाली नाही. पुढे काय झालं ते सांगते, पण त्याआधी ही वायर करते काय ते समजून घेऊ.

१२ व्होल्टचे हजारो व्होल्ट कसे होतात?

पेट्रोल इंजिनच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं आणि बरोबर वेळी ठिणगी पाडून पेटवलं जातं. ठिणगी पडते स्पार्क प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीत. ही फट साधारण ०.८ ते १.१ मिलिमीटर असते.

आता प्रश्न असा, की हवा तर विसंवाहक आहे. तिच्यातून ठिणगी पाडायची तर विभवांतर खूप मोठं लागणार. साध्या दाबाच्या हवेत १ मिलिमीटर फटीसाठी सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असते, आणि दाब वाढला की ठिणगीसाठी लागणारं विभवांतरही वाढतं. त्यामुळे तिथे ८-१० हजार व्होल्ट, कधी त्याहून बरेच जास्त लागतात. गाडीची बॅटरी मात्र १२ व्होल्टची!

ही करामत करते इग्निशन कॉइल. तिच्यात दोन कुंतल असतात. पहिल्यात कमी वेढे, दुसऱ्यात साधारण शंभरपट वेढे. पहिल्या कुंतलातून बॅटरीची विद्युतधारा वाहत असते आणि चुंबकीय क्षेत्र तयार झालेलं असतं. ती धारा एकदम तोडली की क्षेत्र झटकन कोसळतं आणि दुसऱ्या कुंतलात हजारो व्होल्ट निर्माण होतात. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. दहावीच्या मुलांना सांगा, की गाडी ३,००० फेऱ्यांवर चालत असताना प्रत्येक सिलिंडरमध्ये हा प्रयोग सेकंदाला २५ वेळा होतो. (चार-स्ट्रोक इंजिनमध्ये दोन फेऱ्यांत एक ठिणगी, म्हणून मिनिटाला १,५०० आणि सेकंदाला २५. हे गणित मुलांकडूनच करून घ्या.)

जुन्या गाड्यांत कॉइलकडून आलेलं हे विभवांतर डिस्ट्रिब्यूटरकडे जातं. डिस्ट्रिब्यूटर म्हणजे वाटप करणारा. त्याच्या टोपीत (कॅप) एक रोटर फिरतो आणि पाळीपाळीने प्रत्येक सिलिंडरच्या वायरीला करंट देतो. तिथून प्लगपर्यंत नेणारी जाड, रबरी वायर म्हणजे आपली प्लग वायर. गॅरेजमध्ये तिला 'एचटी लीड' किंवा 'हाय टेन्शन वायर' असंही म्हणतात.

वायरीची दोन कामं, म्हणून दोष दोन प्रकारचे

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. प्लग वायरीला दोन कामं करावी लागतात:

१. आतून करंट शेवटपर्यंत पोचवणं.
२. वाटेत तो बाहेर फुटू न देणं.

पहिलं काम बिघडलं तर वायर आतून तुटलेली किंवा जळलेली असते. दुसरं काम बिघडलं तर आतली वायर ठणठणीत असते, पण वरचं आवरण तडकलेलं किंवा घासलेलं असतं आणि ठिणगी प्लगमध्ये पडण्याऐवजी जवळच्या लोखंडावर उडी मारते. हे दोन वेगळे दोष आहेत आणि त्यांच्या चाचण्याही वेगळ्या आहेत. एकच चाचणी करून "वायर चांगली आहे" म्हणणं म्हणजे फक्त तोंडी परीक्षा घेऊन लेखीचे गुण भरण्यासारखं आहे.

मुलं इथे एक छान प्रश्न विचारतात. बहुतेक प्लग वायरींच्या आत तांबं नसतं, कार्बन भरलेला धागा असतो, आणि त्याचा रोध हजारो ओहम असतो. "बाई, मुद्दाम रोध कशाला घालायचा? मग करंट कमी नाही का होणार?" उत्तर असं, की प्रत्येक ठिणगीबरोबर रेडिओ लहरी निघतात. त्यामुळे रेडिओत खरखर होते आणि नव्या गाड्यांतल्या संगणकालाही त्रास होतो. वायरीतल्या रोधामुळे ही खरखर दबते. आणि ठिणगीची धारा असते अगदी थोडी, काही मिलिअँपिअर. समजा ५० मिलिअँपिअर धारा आणि १०,००० ओहम रोध घेतला, तर ओहमच्या नियमाने वायरीत ५०० व्होल्ट खर्च होतील. हजारो व्होल्टच्या हिशेबात ते चालून जातात. पण धागा मध्येच तुटला तर तिथे दुसरी फट तयार होते. ठिणगी आधी तिथे पडते, मग प्लगमध्ये. प्रत्येक ठिणगीला कार्बन थोडा जळतो आणि फट वाढत जाते. म्हणून हा दोष आज थोडा, उद्या जास्त असा वाढत जातो.

लक्षणं: गाडी काय सांगते ते ऐका

तपासणीच्या आधी वहीत लिहून काढा, त्रास *कधी* होतो?

• चढावर किंवा एकदम ॲक्सिलरेटर दाबल्यावर धक्के बसतात, पण स्लोवर गाडी बरी चालते. कारण स्लोवर सिलिंडरमध्ये हवा कमी जाते, दाब कमी असतो आणि थोड्या व्होल्टमध्ये ठिणगी पडते. चढावर दाब वाढतो, जास्त व्होल्ट लागतात. आवरण कमकुवत असेल तर करंट नेमका तेव्हा पळवाट शोधतो.

• पावसात किंवा दमट सकाळी त्रास वाढतो, ऊन पडलं की कमी होतो. वायरीवरची धूळ ओली झाली की तिच्यावरून करंट सरपटत जातो. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत ओल गेली तरी हेच होतं.

• पेट्रोलवर ठीक, सीएनजीवर मिसिंग. सीएनजीचं मिश्रण पेटवायला सहसा जास्त व्होल्ट लागतात, म्हणून अशक्त वायर आधी तिथे उघडी पडते. गॅस किटवर खापर फोडण्याआधी प्लग आणि वायरी तपासा.

• ॲव्हरेज कमी होतं, सायलेन्सरमधून न जळलेल्या पेट्रोलचा वास येतो, इंजिन थरथरतं.

• नव्या गाडीत चेक इंजिन लाइट लागतो. स्कॅनरवर पी०३०१, पी०३०२ असे कोड आले तर शेवटचा आकडा सिलिंडरचा नंबर असतो. पी०३०० म्हणजे मिसिंग एका ठरावीक सिलिंडरमध्ये बांधलेलं नाही. हा लाइट लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा भाग तापून निकामी होतो.

ही सगळी लक्षणं फक्त वायरीचीच असतात असं नाही. झिजलेला प्लग, खराब कॉइल, इंजेक्टर, कमी झालेलं कॉम्प्रेशन यांचीही असू शकतात. म्हणून तर तपासायचं!

आधी सुरक्षितता

हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि मुलांना हे काम एकट्याने अजिबात करू देऊ नका.

• चालू इंजिनची प्लग वायर हाताने ओढून "कुठला सिलिंडर मेला" हे पाहायची जुनी सवय सोडा. जोरदार झटका बसतो, हात दचकून पंख्यात किंवा बेल्टमध्ये जाऊ शकतो. कॉइल खराब होऊ शकते आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं ते वेगळंच.

• हृदयाचा पेसमेकर असलेल्या व्यक्तीने चालू इंजिनच्या इग्निशनजवळ थांबू नये.

• गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला उटी लावलेली. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस सांभाळा. रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो.

• पेट्रोलचा किंवा गॅसचा वास येत असेल तर आधी ती गळती बंद करून घ्या. तोवर ठिणगीची कोणतीही चाचणी नको.

• बंद जागेत इंजिन चालू ठेवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो.

तपासणी: पायरीपायरीने

पायरी १. डोळ्यांनी (इंजिन बंद आणि थंड). वायर टोकापासून टोकापर्यंत पाहा. हलकेच वाकवा. बारीक तडे आहेत का? रबर कडक, ठिसूळ झालं आहे का? कुठे घासून चपटी झाली आहे का, गरम सायलेन्सरच्या पाइपला टेकून वितळली आहे का? प्लगवर बसणाऱ्या रबरी टोपीत (बूट) तेल शिरलं आहे का? आतल्या धातूच्या टोकावर हिरवट-पांढरी पूड आहे का? बूटच्या आत किंवा प्लगच्या पांढऱ्या भागावर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ती करंटची पायवाट समजा. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीतही अशीच रेघ आणि चीर शोधा.

वायर काढताना कधीही वायरीला धरून ओढू नका. बूट धरा, थोडा पिळा आणि मग ओढा. बऱ्याच चांगल्या वायरी काढतानाच आतून तुटतात. आणि एका वेळी एकच वायर काढा. सगळ्या एकदम काढल्या तर कुठली कुठे होती ते विसरतं. वायरींची अदलाबदल झाली तर चुकीच्या वेळी ठिणगी पडते आणि मूळ दोषापेक्षा मोठा गोंधळ होतो. आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा किंवा चिकटपट्टीवर नंबर लिहून लावा.

पायरी २. मल्टिमीटरने. वायर दोन्ही टोकांनी सुटी करून मल्टिमीटर किलोओहमवर ठेवा आणि रोध मोजा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. कार्बन धाग्याच्या वायरींसाठी अनेक जपानी पद्धतीच्या गाड्यांच्या पुस्तिकांत प्रत्येक वायरीला २५ किलोओहम ही कमाल मर्यादा दिलेली असते. पण आकड्यापेक्षा तुलना जास्त बोलते. एकाच सेटमधल्या वायरींचा रोध साधारण लांबीच्या प्रमाणात असायला हवा. लांब वायरीचा जास्त, आखूड वायरीचा कमी. एखादी आखूड असूनही भलताच मोठा रोध दाखवत असेल, किंवा मीटर काहीच दाखवत नसेल, तर ती आतून गेली. मोजताना वायर हलवा. आकडा उड्या मारत असेल तरी ती गेली.

पायरी ३. अंधारात. ही चाचणी आवरणासाठी. संध्याकाळी अंधार पडल्यावर उघड्यावर इंजिन चालू करून दुरून पाहा. निळसर ठिणग्या किंवा 'टिक टिक' असा आवाज येतो का? दिसलं नाही तर झाडांवर मारायच्या छोट्या स्प्रेने वायरींच्या बाजूला अगदी बारीक तुषार उडवा. पाण्याची धार नको, कॉइलवर आणि इतर वायरिंगवर पाणी नको, आणि वायरीला हात लावायचा नाही. तुषार पडताच इंजिन अडखळलं तर गळती त्याच भागात आहे.

पायरी ४. अदलाबदल. कुठला सिलिंडर काम करत नाही हे कळलं असेल (स्कॅनरच्या कोडवरून, किंवा इंजिन थंड झाल्यावर प्लग काढून कुठला ओला आणि काळा आहे ते पाहून), तर लांबी पुरत असल्यास त्या सिलिंडरची वायर शेजारच्या सिलिंडरच्या वायरीशी बदला. लक्षात ठेवा, वायरीचा तुकडा बदलायचा, जोडणी नाही. टोपीवरची एक नंबरची जागा एक नंबरच्याच प्लगला जोडलेली राहिली पाहिजे. आता मिसिंग दुसऱ्या सिलिंडरकडे गेलं तर दोषी वायर. जागचं हललं नाही तर वायर निर्दोष, पुढे प्लगची अशीच अदलाबदल करा. त्यानेही हललं नाही तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन पाहायची वेळ आली.

पायरी ५. एक की सगळे? एकच सिलिंडर मिसिंग करत असेल तर त्याची वायर, त्याचा प्लग, त्याचा इंजेक्टर संशयित. सगळेच सिलिंडर अधूनमधून मिसिंग करत असतील तर जे सगळ्यांना सामाईक आहे ते पाहा: कॉइलपासून डिस्ट्रिब्यूटरकडे येणारी मधली वायर, टोपी, रोटर, कॉइल, पेट्रोलचा पुरवठा. वर्गात सगळीच मुलं एक गणित चुकली तर आपण प्रश्नपत्रिका तपासतो, एका मुलाला रागवत नाही. तसंच आहे हे.

काकांच्या व्हॅनचं काय झालं?

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर काका, मी आणि प्रयोगशाळेतला मल्टिमीटर असे आम्ही तिघं बसलो. तिन्ही वायरी नुसत्या बघून ठीक वाटल्या. मोजल्या, तर ५.६, ७.३ आणि ८.७ किलोओहम. लांबीच्या प्रमाणात, अगदी सरळ हिशेब. मी आत्मविश्वासाने म्हणाले, "काका, वायरी चांगल्या आहेत." आणि मी चुकले होते.

घरी आल्यावर डोक्यात प्रकाश पडला. मल्टिमीटरमध्ये ९ व्होल्टचा सेल. तो वायरीला विचारतो, "आतून रस्ता आहे का?" आवरण हजारो व्होल्टना दाद देईल का, हे त्याला कळणारच नाही. नळाच्या पाइपला बारीक भोक असेल तर टाकीच्या पाण्याला ते दिसत नाही, मोटर लावली की तिथून कारंजं उडतं. तसंच.

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर आम्ही सीट उचलून पुन्हा पाहिलं. कोरड्यात काहीच नाही. स्प्रेचे दोन तुषार उडवले आणि तिसऱ्या वायरीच्या खालच्या बाजूने, जिथे ती एका लोखंडी पट्टीला टेकली होती, निळी ठिणगी टिक टिक उडायला लागली. इंजिन लगेच लंगडायला लागलं. काका नुसते बघत राहिले. वायर जागेवर धरून ठेवणारी प्लॅस्टिकची क्लिप कधीतरी तुटली होती. वायर पट्टीवर घासत होती. घासलेली बाजू खाली, म्हणून शनिवारी डोळ्यांना दिसली नव्हती. खालून रस्त्याचं पाणी उडालं, की करंटला वाट मोकळी.

वायरींचा नवा सेट आणि एक क्लिप, एवढ्यावर काम झालं. हेड खोलायची वेळ आली नाही. व्हॅन त्यानंतर पावसात त्याच चढावर रोज चढली आणि काकांचं काम टिकलं. मी मात्र तेव्हापासून वर्गात सांगते, "चाचणी कशाचं उत्तर देते हे माहीत नसेल, तर तिच्या उत्तरावर विश्वास ठेवू नका."

नवीन वायरी बसवताना

• गाडीच्या मॉडेलप्रमाणेच सेट घ्या आणि शक्यतो पूर्ण सेट बदला. एक वायर म्हातारी झाली तर बाकीच्याही त्याच वयाच्या असतात.

• एक जुनी काढा, तेवढ्याच लांबीची नवी लावा, मग पुढची.

• बूट 'टक्' असं जाणवेपर्यंत आत दाबा. अर्धवट बसलेली टोपी हाही मिसिंगचा दोषच आहे.

• क्लिपा परत लावा. वायर गरम पाइपपासून, लोखंडी कडेपासून आणि शेजारच्या वायरीपासून दूर ठेवा.

• बूटमध्ये तेल सापडलं असेल तर आधी ती तेलगळती बंद करा, नाहीतर नवं रबरही फुगून खराब होईल.

आमच्या गाडीत तर वायरीच नाहीत!

बरोबर आहे. अनेक नव्या पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसवलेली असते, लांब वायर नसते. पण तिथेही रबरी बूट असतो, तोही तडकतो, त्यातही तेल-पाणी शिरतं. अदलाबदलीची चाचणी तिथे कॉइल बदलून करतात. डिझेल गाडीत मात्र इंधन ठिणगीने पेटत नाही, दाबून तापलेल्या हवेने पेटतं. त्यामुळे स्पार्क प्लगही नाही आणि त्याची वायरही नाही.

वर्गात काय करता येईल?

गॅरेजमधून चार-पाच जुने, टाकून दिलेले वायरींचे सेट मागून आणा. सहसा फुकट मिळतात. मुलांचे गट करा. प्रत्येक गटाने एका सेटमधल्या वायरींची लांबी सेंटिमीटरमध्ये आणि रोध किलोओहममध्ये मोजायचा आणि आलेख काढायचा. चांगल्या वायरींचे बिंदू साधारण एका सरळ रेषेत येतात. खराब वायरीचा बिंदू रेषेबाहेर उडालेला दिसतो. "रोध लांबीच्या समप्रमाणात असतो" हे वाक्य पाठ करण्यापेक्षा तो एक बिंदू मुलांच्या जास्त लक्षात राहतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वायरी एकाच आलेखात मिसळू नका, कारण त्यांचा प्रतिमीटर रोध वेगळा असतो. मग शेवटी विचारा, "या आलेखावर पास झालेली वायर पावसात नापास होऊ शकते का?" आणि मुलांना भांडू द्या!

ठिणगी पाडून दाखवायचा प्रयोग मात्र वर्गात करू नका. मोजमाप करून भरपूर शिकता येतं.

पालकांसाठी दोन शब्द

तुम्ही स्वतः पाना हातात घ्यावा असं मी म्हणत नाही. पण गाडी गॅरेजला द्याल तेव्हा तीन गोष्टी विचारा. "कुठला सिलिंडर मिसिंग करतोय?" "कुठली चाचणी करून हा भाग खराब आहे असं ठरवलं?" "काढलेला जुना भाग मला दाखवाल का?" चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खूश होतो. आणि शक्य असेल तर मुलाला सोबत न्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग पाहायचं आणि वहीत लिहायचं. ही शिस्त त्याला विज्ञानाच्या परीक्षेत उपयोगी पडेल आणि पुढे आयुष्यभर पैसेही वाचवेल.

तुमच्या मुलांची ने-आण करणाऱ्या रिक्षा-व्हॅनवाल्या काकांनाही हा लेख वाचून दाखवा. पावसाळा तोंडावर आला की चढावर बंद पडण्याआधी वायरींवर एक नजर टाकलेली बरी.